टर्बोचा ऑइल रिटर्न पाईप मॅनिफोल्डला खेटून जातोय, कुठून न्यावा?

कृष्णाकाठ:
राम राम मंडळी. वाळवा तालुक्यातून लिहितोय. चार सिलिंडरचा टर्बो ट्रॅक्टर आहे (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), गळीत हंगामात डबल ट्रॉली ओढतो. टर्बोच्या पोटातून इंजिनात ऑइल परत आणणारा लोखंडी पाईप वरच्या फ्लँजच्या (बोल्टने जोडायच्या चपट्या तोंडाच्या) मुळाशी तडकला. हंगाम ऐन भरात, मूळ पाईप तालुक्यात मिळेना. गॅरेजवाल्याने फ्लँजचा बुंधा तसाच ठेवून पुढे सगळा काळा रबरी पाईप जोडून दिला. तो टर्बोखालून निघतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा जळका गॅस गोळा करणाऱ्या बिडाच्या नळीच्या) पोटाखालून फिरतो आणि इंजिनाच्या ब्लॉकमध्ये शिरतो. मॅनिफोल्ड आणि पाईप यांच्यात जेमतेम बोटभर जागा आहे.

आता दोन गोष्टी दिसतायत. पाईपची मॅनिफोल्डकडची बाजू कडक होऊन तिच्यावर बारीक भेगा पडल्यात. आणि चढाला ओढताना निळसर धूर येतो, टर्बोच्या कॉम्प्रेसरकडून (हवा दाबणाऱ्या बाजूकडून) निघणाऱ्या होजमध्ये आतून ऑइलचा ओलावा आहे. गॅरेजचं म्हणणं, टर्बो गेला, नवा घाला. मला मात्र धुरापेक्षा आगीची धास्ती जास्त आहे. फडातून बाहेर निघताना इंजिनाच्या कडेला, मॅनिफोल्डखाली सुकलेलं पाचट अडकलेलं असतं. पाईप फुटला तर काय होईल याची कल्पना करवत नाही. मार्ग सुचवा.

फिटर_इचलकरंजी:
दादा, आधी एक काम करा. भेगा दिसल्यात म्हणताय, तर तो पाईप बदलेपर्यंत ट्रॅक्टर लोडला घालू नका. एक फेरी, दोन फेऱ्या असा हिशेब इथे करू नये. उद्या सकाळी गार इंजिनावर फोटो काढा आणि ही मापं द्या: टर्बोच्या फ्लँजपासून ब्लॉकच्या तोंडापर्यंत उभं अंतर, आडवं अंतर, मॅनिफोल्डचा तळ फ्लँजच्या किती खाली आहे, आणि पाईपचा आतला व्यास. रबरी पाईपचा सगळ्यात खालचा बिंदू ब्लॉकच्या तोंडाच्या वर आहे की खाली, तेही बघा.

रानवाट:
आमच्याकडे जुन्या गाड्यांना मॅनिफोल्डवर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायचे. आता तयार रॅपही मिळतो. मॅनिफोल्ड झाकला की पाईप कुठूनही नेला तरी चालेल ना? कमी खर्चात काम होईल.

इंजिनरूम:
रानवाट, हा सल्ला कृपा करून कुणी घेऊ नका. मी रत्नागिरीचा, जहाजावर इंजिनिअर आहे. इंजिनरूममधल्या आगीचं सगळ्यात जुनं कारण हेच: तेल गळतं आणि तापलेल्या पृष्ठभागावर पडतं. समुद्रावरच्या सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, सोलास, त्यात स्पष्ट नियम आहे. इंधनाची लाईन फुटली तर ज्या पृष्ठभागावर तेल उडू शकतं आणि ज्याचं तापमान २२० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं, तो इन्सुलेशनने झाकलेला हवा. पण तिथे इन्सुलेशनवरून पत्र्याचं आवरण असतं, कारण उघड्या विणकामात तेल मुरतं. एकदा मुरलं की ते आवरण दिव्याच्या वातीचं काम करतं. बाहेरून काही दिसत नाही, आत तेल तापत राहतं, आणि इंजिन लोडवरून उतरल्यावर, कधी कधी बंद केल्यावरही पेट घेतं.

ट्रॅक्टरवर तर ज्या जोडातून गळायची शक्यता तोच जोड रॅपच्या डोक्यावर आहे. शिवाय अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू छातीत जातात. ती दोरी हातातही घेऊ नका, जुनी निघाली तर कोरडी झटकू नका.

फिटर_इचलकरंजी:
यात भर. बिडाच्या मॅनिफोल्डला रॅप केला की उष्णता आतच कोंडते, बीड जास्त तापतं आणि तडकतं. असे तडकलेले मॅनिफोल्ड माझ्याकडे वेल्डिंगला येतात आणि बिडाचं वेल्डिंग किती टिकतं ते सगळ्यांना माहीत आहे.

टर्बो_बेंच_पुणे:
कृष्णाकाठ दादा, टर्बो दुरुस्तीचं काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. नवा टर्बो घ्यायची घाई करू नका. तुमची आगीची भीती आणि तुमचा धूर, दोन्ही त्या एकाच पाईपमधून आलेले असण्याची शक्यता फार मोठी आहे.

टर्बोत ऑइल आत येतं ते पंपाच्या दाबाने, बारीक पाईपमधून. बाहेर जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने. मागे ढकलणारं काही नाही. पाटाचं पाणी जसं उतार मिळाला तरच पुढे सरकतं, तसंच. त्यातून हे ऑइल साधं नसतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या शाफ्टभोवती घुसळून ते फेस होऊन बाहेर पडतं, त्यात हवा आणि एक्झॉस्टचा थोडा गॅस मिसळलेला असतो. म्हणून जागा जास्त लागते. आत यायचा पाईप ५-६ मिलिमीटरचा आणि जायचा १६-१९ मिलिमीटरचा असतो, त्याचं कारण हे. परतीचा पाईप बारीक करणं, मध्ये बॅन्जो बोल्ट (ऑइल आतून जाणारा पोकळ बोल्ट) घालणं, काटकोनी एल्बो बसवणं, यातलं काहीही चालत नाही.

आता धूर. टर्बोच्या शाफ्टवर रबरी ऑइल सील नसतं. पिस्टन रिंगसारखी बारीक लोखंडी रिंग असते. मधल्या पोटातलं ऑइल खाली निघून जातंय तोवरच ती ऑइल अडवू शकते. खालचा रस्ता तुंबला की पोट भरतं आणि ऑइल रिंगवरून दोन्हीकडे जातं: कॉम्प्रेसरकडे गेलं की होज ओली, टर्बाइनकडे, म्हणजे एक्झॉस्टच्या बाजूला गेलं की निळा धूर. टर्बो शंभर टक्के ठीक असतानाही हे होतं. पाईप तसाच ठेवून नवा टर्बो बसवला तर तोही धूर काढेल, आणि गिऱ्हाईक म्हणेल टर्बो खराब निघाला.

तुमचा रबरी पाईप तापून मऊ होत होता तेव्हा मध्ये झोळ पडला असणार. झोळात ऑइल साचतं, फेस अडतो. फोटो टाकाच.

रानवाट:
पटलं, रॅपचं मागे घेतो. मग सिलिकॉनचा निळा पाईप? इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीला) तो चालतो, उष्णताही सोसतो.

टर्बो_बेंच_पुणे:
साधा सिलिकॉन पाईप गरम हवेला आणि पाण्याला चांगला. गरम इंजिन ऑइल त्यात मुरतं, तो फुगतो, मऊ पडतो आणि क्लिपखालून झिरपायला लागतो. आतून फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर असलेला पाईप वेगळा, तो ऑइलला टिकतो, पण तसं खात्रीने सांगणाऱ्या दुकानातूनच घ्यावा.

नुसत्या रबराचा हिशेब असा: लोडवर चेंबरमधलंच (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीतलंच) ऑइल १०० अंशांच्या आसपास असतं, टर्बोतून येताना ते आणखी २०-३० अंश तापतं. बाजारातला काळा नायट्राईल पाईप सतत १०० अंशांना बरा, त्यापुढे त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे मॅनिफोल्ड शेजारी नसता तरी तो पाईप सीमेवरच होता. व्हायटॉनचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या खास रबराचा पाईप २०० अंशांपर्यंत चालतो. आतून टेफ्लॉन आणि बाहेरून स्टीलची जाळी असलेला २३० पर्यंत. पण ओव्हरलोडला मॅनिफोल्ड लालसर दिसायला लागतो तेव्हा तिथे याच्या दुप्पट-तिप्पट तापमान असतं. त्याच्या शेजारी धातू सोडून काहीही ठेवू नये, हे माझं मत आहे.

कृष्णाकाठ:
मापं घेतली. फ्लँजपासून ब्लॉकच्या तोंडापर्यंत उभं अंतर १९० मिलिमीटर, आडवं १३०. मॅनिफोल्डचा तळ फ्लँजच्या ८० मिलिमीटर खाली. फ्लँजचं भोक १८ मिलिमीटर, आणि जोडलेल्या रबरी पाईपचा आतला व्यास १३. पाईपचा झोळ ब्लॉकच्या तोंडाच्या खाली दोन बोटं आहे, म्हणजे ऑइल आधी खाली जाऊन मग वर चढतंय. वर लिहिलेलं सगळं डोळ्यांनी दिसलं.

एक विचारतो. मूळचा लोखंडी पाईप तरी का तडकला? तो तर कंपनीनेच दिलेला होता.

चाकणकर:
इंजिनाच्या डिझाइनमध्ये काम करतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण नवा पाईप केला आणि तेच कारण राहिलं तर तोही तडकेल.

टर्बो ब्लॉकवर बसलेला नसतो, मॅनिफोल्डवर बसलेला असतो. ४०० मिलिमीटर लांबीचं बीड ४५० अंशांनी तापलं की सुमारे २ मिलिमीटर वाढतं. म्हणजे इंजिन गार असताना टर्बो जिथे असतो, लोडवर तो तिथून थोडा सरकलेला असतो. परतीच्या पाईपचं खालचं टोक मात्र ब्लॉकला, जो शंभर अंशांच्या आगेमागे असतो. दोन्ही टोकं घट्ट जखडली की रोज गरम-गार होताना ताण एकाच जागी येतो, फ्लँजच्या मुळाशी. त्यावर इंजिनाची थरथर. म्हणून मूळ डिझाइनमध्ये खालच्या टोकाला छोटा लवचीक जोड असतो, किंवा ओ-रिंगमध्ये सरकणारं टोक, आणि पाईपच्या मध्याला ब्लॉकवर धरणारी क्लिप. तुमच्या मूळ पाईपची ती क्लिप जागेवर आहे का?

कृष्णाकाठ:
क्लिपचा बोल्ट आहे, क्लिप नाही. आधी कधीतरी चेंबर उघडला होता, तेव्हाच राहिली असावी. आणि खालच्या टोकाचा रबरी तुकडा दगडासारखा झाला होता.

चाकणकर:
मग पाईप जखडला गेला होता आणि मधला आधार नव्हता. तडकण्याचं कारण सापडलं.

आता मार्ग. फ्लँजपासून ब्लॉकच्या तोंडाकडे सरळ तिरकी रेषा ओढली तर उतार छान मिळतो, उभ्या रेषेपासून फक्त ३४ अंश, पण ती रेषा मॅनिफोल्डच्या पोटाला घासते. रबरी पाईप म्हणूनच तिथून नेला असणार, सगळ्यात जवळचा रस्ता. त्याऐवजी फ्लँजपासून १०० मिलिमीटर सरळ खाली उतरा, मॅनिफोल्डचा तळ ओलांडला की मगच मोठ्या त्रिज्येचा एक बाक द्या आणि ब्लॉककडे वळा. उरलेल्या ९० मिलिमीटर उतारात १३० मिलिमीटर आडवं जायचं आहे, म्हणजे आडव्या रेषेखाली ३५ अंश. पुरेसा उतार आहे. एकच बाक, कुठेही सपाट नाही.

ट्रॅक्टर नेहमी सपाटीवर नसतो हेही धरा. नदीकाठच्या मळीतून भरलेली ट्रॉली वर काढताना नाक वर जातं, बांध ओलांडताना एका अंगावर कलतो. तेव्हाही पाईप उलटा उतरता होता कामा नये. ३५ अंश हातात असले की ही चिंता राहत नाही. १० अंशच असते तर राहिली असती.

उष्णतेचं म्हणाल तर इथे मुख्य भाग मॅनिफोल्डमधून किरणांच्या रूपात येणाऱ्या उष्णतेचा (प्रारणाचा) आहे, आणि तो केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो. ओझं थोडं वाढलं की तापमान थोडं वाढतं, पण पाईपवर येणारी उष्णता खूप वाढते. मध्ये एक पत्रा उभा केला तर, तिन्ही पृष्ठभाग सारखेच काळपट धरले तरी, ती निम्म्यावर येते. पत्रा चकचकीत स्टेनलेसचा असेल तर त्याहून बरीच कमी. अट एकच: पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी हवा खेळली पाहिजे. पाईपला चिकटवलेला पत्रा उष्णता थेट पाईपलाच देतो.

फिटर_इचलकरंजी:
मापं मिळाली, आता करायचं कसं ते माझ्याकडून घ्या. १८ आतला व्यास मिळेल असा सीमलेस पाईप, दीड मिलिमीटर जाडीचा. बाक बेंडिंग मशीनवर काढून घ्या. वाळू भरून गॅसने वाकवणारे कसबी लोक आहेत, पण मग आतून वाळूचा कण न् कण निघाला पाहिजे, आणि ते मला धोक्याचं वाटतं. फ्लँज ८ मिलिमीटर पट्टीतून कापून, पाईप त्यात आरपार घालून दोन्ही बाजूंनी वेल्ड, मग तोंड लेथवर सपाट करून घ्या. वेल्डचा मणी आत आला असेल तर घासून काढा, नाहीतर तिथेच ऑइल अडेल.

खालच्या टोकाला कॉलर उठवा म्हणजे रबर निसटणार नाही. तिथे ५०-६० मिलिमीटरचा व्हायटॉनचा तुकडा, दोन क्लिपा. आतली दोन धातूची टोकं एकमेकांच्या जवळ आणा, पण टेकवू नका. मधल्या आधाराची क्लिप त्याच जुन्या बोल्टवर.

पॅकिंगच्या जागी लाल सिलिकॉन लावायची अनेकांना सवय आहे. टर्बोच्या ऑइल फ्लँजला ते बिलकुल नको. घट्ट केल्यावर जादाचं आत येतं, सुटतं आणि भोक अडवतं. धातूचं किंवा चांगल्या प्रतीचं कागदी पॅकिंग, तेही भोकापेक्षा लहान कापलेलं नसावं. हे तपासून बसवा.

घाटमाथा:
वाचतोय सगळं, फार उपयोगी. माझ्याकडे जुनी डिझेल जीप आहे, विनाटर्बो. तिला बाहेरून टर्बो बसवायचा विचार होता, हा रिटर्न पाईप मी चेंबरच्या तळाला, ड्रेन बोल्टच्या जागी जोडला तर?

टर्बो_बेंच_पुणे:
नाही चालणार. परतीचं तोंड चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वरच हवं. तळाला जोडलं की पाईप अर्धा ऑइलने भरलेलाच राहणार. याच कारणाने डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल ओतलं तरी काही इंजिनांत टर्बो धूर काढायला लागतो. आणि रस्त्यावरच्या गाडीला मूळ नोंदीत नसलेला बदल करण्याआधी मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही, आणि आग लागली तर विम्याचा प्रश्न उभा राहतोच. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

कृष्णाकाठ दादा, एक राहिलं. ब्रीदर बघा. चेंबरमधला गॅस बाहेर जायचा पाईप तुंबलेला असेल तर आत दाब वाढतो, आणि तो दाब परतीच्या पाईपमधून वर टर्बोकडे येऊन ऑइलला खाली उतरू देत नाही. पाईप कितीही सुंदर बनवला तरी धूर तसाच राहील. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडी वाफ ठीक, झाकण उडवण्याइतका जोर असेल तर ब्रीदर तरी चोंदलाय किंवा इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा तरी गेल्यात.

कृष्णाकाठ:
पाईप झाला. इस्लामपुरात बेंडिंग करून घेतलं, फ्लँज आणि वेल्डिंग ओळखीच्या लेथवर. सांगितल्याप्रमाणे सरळ खाली आणि मग एक बाक. मॅनिफोल्डपासून आता जवळच्या जागी ४५ मिलिमीटर अंतर आहे. मध्ये स्टेनलेसचा पत्रा, दोन्हीकडे हवा. पत्रा मॅनिफोल्डला न धरता ब्लॉकला दोन पट्ट्या लावून धरलाय.

ब्रीदरचा पाईप खरंच दबलेला निघाला. टूलबॉक्सच्या कंगोऱ्याखाली चेपला होता, आतून काळा चिकट थर. साफ करून मार्ग बदलला. टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून पाहिला, पुढे-मागे काही जाणवत नाही, बाजूला किंचित. पातं कुठे घासल्याची खूण नाही.

भरलेल्या ट्रॉल्या घेऊन कारखान्यापर्यंत जाऊन आलो. सुरुवातीला धूर होताच, नंतर कमी होत गेला, परतताना दिसला नाही.

टर्बो_बेंच_पुणे:
उत्तम. सुरुवातीचा धूर सायलेन्सरमध्ये आधी साचलेल्या ऑइलचा, तो जळून जाईपर्यंत येणारच. इंटरकूलर असेल तर तो काढून त्यातलं ऑइल निथळवून घ्या. साचलेलं ऑइल इंजिनाने एकदम ओढलं तर डिझेल बंद करूनही इंजिन त्या ऑइलवर पळत राहू शकतं, हे गंभीर आहे.

बाजूला किंचित हलणं ऑइलच्या फिल्मची जागा असते, ते चालतं. पुढे-मागे जाणवलं असतं तर थ्रस्ट बेअरिंग गेलं म्हटलं असतं. म्हणजे नव्या टर्बोचा खर्च तूर्त वाचला.

रानवाट:
गाडीतळावर पोचल्या पोचल्या सगळे चावी काढतात. त्याचा या पाईपशी संबंध आहे का?

टर्बो_बेंच_पुणे:
थेट संबंध आहे. शेवटचा चढ पूर्ण ओढून आल्यावर टर्बाइन आणि मॅनिफोल्ड धगधगत असतात. इंजिन बंद केलं की ऑइलचा प्रवाह थांबतो, पण बिडातली उष्णता बेअरिंगकडे आणि फ्लँजकडे येत राहते. आत राहिलेली ऑइलची फिल्म जळून कोळसा होते. तो कोळसा परतीच्या पाईपच्या वरच्या टोकाला थरावर थर जमतो आणि १८ चं भोक हळूहळू १२ चं होतं. दोन-तीन मिनिटं इंजिन आयडलवर ठेवायचं, मग बंद करायचं. ड्रायव्हरला कारणासकट सांगा, म्हणजे तो पाळतो.

इंजिनरूम:
माझी एक विनंती. पत्रा बसवला, पण पत्र्याच्या आत पाचट शिरून अडकू शकतं, आणि तिथे ते मॅनिफोल्डच्या आणखी जवळ असेल. पत्र्याचा तळ उघडा ठेवलाय ना? वरून पडलेलं खालून निघून गेलं पाहिजे. रोज संध्याकाळी गार इंजिनावर कॉम्प्रेसरच्या हवेने तो भाग उडवून घ्या. आणि ड्रायव्हरच्या हाताशी, मडगार्डच्या बाजूला, ड्राय पावडरचं अग्निशामक सिलिंडर लावा. इंजिनाच्या अंगाला लावू नका, आग लागली तर तिथे हात पोचत नाही.

कृष्णाकाठ:
तळ उघडाच आहे. सिलिंडर घेतो. फ्लँजचे बोल्ट परत कधी आवळायचे?

फिटर_इचलकरंजी:
इंजिन एकदा लोडवर पूर्ण तापून पूर्ण गार झालं की लगेच, गार असतानाच. नवं पॅकिंग पहिल्या तापण्यात बसतं आणि बोल्ट थोडे सैल पडतात. मग पहिल्या आठवड्याने पुन्हा पाना लावून बघा. पाना फिरला नाही तर जोर करू नका, टर्बोच्या खालचे आटे बिडातले असतात, ओढून घेतले की निघून येतात. खालच्या व्हायटॉनच्या तुकड्याच्या क्लिपाही त्याच वेळी बघा, आणि फ्लँजखाली पांढरा कपडा फिरवा. ओला झाला तर मला कळवा, फ्लँजचं तोंड परत सपाट करून द्यायला सांगतो.